सामुदायिक आरोग्यात मास्टर्स: प्रवेशापासून प्रबंध जमा होईपर्यंत काय काय लागतं?

मुळाकाठ

सामुदायिक आरोग्यात मास्टर्स करायला काय लागतं, याची माहिती वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेली आहे आणि बहुतेक ठिकाणी ती प्रवेशापाशीच संपते. पदवी रखडते ती मात्र तिसऱ्या-चौथ्या सत्रात, प्रबंधापाशी. म्हणून सगळं एका जागी आणू या. सुरुवात मी करतो, जाणकारांनी भर घालावी आणि चुकलं तिथे दुरुस्त करावं.

आधी नावाचा घोळ सोडवू. 'कम्युनिटी हेल्थ' म्हणताना लोकांच्या डोक्यात तीन वेगळ्या पदव्या असतात.

पहिली एमडी कम्युनिटी मेडिसिन. कॉलेजात अजूनही सगळे पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. एमबीबीएस, मग नीट-पीजी, मग तीन वर्षं. मधे तीन महिने जिल्हा रेसिडेन्सी, तीही तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात. प्रबंध अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी जमा व्हावा लागतो.

दुसरी एमएस्सी नर्सिंग, त्यात कम्युनिटी हेल्थ नर्सिंग हा विषय. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग ५५ टक्क्यांनी, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव. दोन वर्षांचा कोर्स. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकांची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. दुसरी अट बऱ्याच जणींना शेवटी कळते.

तिसरी एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, दोन वर्षं, चार सत्रं. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी, नर्सिंग, समाजकार्य, संख्याशास्त्र, समाजशास्त्र अशा सगळ्यांना वाट आहे ती इथेच. मात्र संस्थेगणिक पात्रता बदलते: काही ठिकाणी कुठलीही पदवी चालते, काही ठिकाणी आरोग्यशाखेचीच लागते, काही ठिकाणी कामाचा अनुभवही मागतात. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत एमपीएच १९९७ पासून आहे. शिवाय चंदीगडचं पीजीआय, चेन्नईचं एनआयई (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था), दिल्लीत जेएनयू, मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था). प्रत्येकाचं माहितीपत्रक वेगळं वाचा, एकाच्या अटी दुसऱ्याला लावू नका.

आणि समुदाय आरोग्य अधिकारी होण्यासाठीचा सहा महिन्यांचा जो कोर्स असतो, तो प्रमाणपत्राचा आहे. त्याचा मास्टर्सशी संबंध नाही.

सातपुड्याची_वाट

चांगला धागा. कागदपत्रांबद्दल आधीच सांगते, कारण दर वर्षी इथे मुलं अडकतात.

केंद्रीय संस्थांना ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. तहसीलमधून राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेअर आणलं असेल तर ते चालत नाही, सेतूमध्ये अर्ज करतानाच 'केंद्र शासनासाठी' असं स्पष्ट सांगावं लागतं. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षाचं लागतं, म्हणजे मार्चमधे काढलेलं जूनच्या प्रवेशाला जुनं ठरतं. १ एप्रिल उलटला की लगेच काढून घ्या.

विजा-भज, विमाप्र, एसईबीसी हे महाराष्ट्राचे प्रवर्ग आहेत. केंद्रीय संस्थेच्या अर्जात ते रकानेच नसतात. विजा-भजमधल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा आपली जात त्या यादीत नेमक्या कुठल्या स्पेलिंगने आहे ते बघून प्रमाणपत्रावर तेच घालून घ्या. एका अक्षराच्या फरकाने पडताळणीत फाईल बाजूला पडते.

विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, आणि बीएएमएस-बीडीएसवाल्यांना इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला. हे दोन्ही मागवायला वेळ लागतो. निकालाची वाट बघत बसू नका.

बीएएमएस_धुळे

दोन नेमके प्रश्न. (१) एमपीएचनंतर कौन्सिलच्या नोंदणीत किंवा प्रॅक्टिसच्या अधिकारात काही बदल होतो का? (२) दूरस्थ एमपीएच ग्राह्य धरतात का?

मुळाकाठ

@बीएएमएस_धुळे
(१) नाही. रुग्ण तपासण्याचा जो अधिकार मूळ पदवीने दिलाय तोच राहतो. एमपीएच करून कुणी कम्युनिटी मेडिसिनचा तज्ज्ञ डॉक्टर ठरत नाही. ही पदवी कार्यक्रम आखणं, रोगांवर पाळत ठेवणं, मोजमाप आणि संशोधन यासाठी आहे.
(२) प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत ते विद्यापीठ, तो कोर्स आणि ते वर्ष, तिन्ही एकत्र दिसतात का ते बघा. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणून प्रत्येक कोर्सला असते असं नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने पोषण-आहारशास्त्र, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले अनेक विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला बंदी केली आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'नियमित' हा शब्द असला की दूरस्थवाले तिथेच गळतात. माझं स्पष्ट मत: या विषयात गावात न जाता मिळवलेली पदवी अर्धीच असते.

श्रेयांक

अभ्यासक्रमाचं थोडक्यात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या धोरणानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ८० ते ८८ क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं व्याख्यान किंवा ३० तासांचं प्रात्यक्षिक. विषय साधारण सगळीकडे सारखे: साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्य व्यवस्था आणि व्यवस्थापन, समाजशास्त्र, पर्यावरण, आरोग्य अर्थशास्त्र, गुणात्मक संशोधन.

पहिल्या सत्रात कलाशाखेची मुलं संख्याशास्त्राला घाबरतात आणि डॉक्टर मंडळी समाजशास्त्राकडे दुर्लक्ष करतात. दोघांनाही त्याची किंमत प्रबंधात मोजावी लागते. एनआयईचा 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च' स्वयम्-वर आहे. एमडीवाल्यांना तो सक्तीचा आहे, पण एमपीएचवाल्यांनीही पहिल्याच सत्रात करावा. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आधी मंजूर करून घ्यायचा आराखडा, लिहिताना जे अडतं ते जवळपास सगळं त्यात येतं.

गणिताच्या_काकू

सिनॉप्सिस निघालंच आहे तर नमुना-संख्येवर लिहिते. सर्वांत जास्त सिनॉप्सिस परत येतात ते यावरून.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: ३.८४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चालवून घ्यायची चूक. पी ५० टक्के आणि डी ५ टक्के धरलं की ३८४ येतात. हा ३८४ आकडा इतका पाठ झालाय की विषय कुठलाही असो, नमुना तोच. गावं निवडून त्यातली घरं निवडणार असाल, म्हणजे क्लस्टर पद्धत, तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. त्यासाठी डिझाइन इफेक्टने गुणावं लागतं. २ धरला तर ७६८. मग दहा टक्के लोक भेटणार नाहीत किंवा नकार देतील असं धरलं तर ७६८ ला ०.९ ने भागायचं: ८५४. काही जण ७६८ मधे दहा टक्के मिळवून ८४५ लिहितात, ते चूक. ८४५ मधून दहा टक्के गेले तर ७६१ उरतात, ७६८ भरत नाहीत.

आता प्रश्नावलीचे हे ८५४ अर्ज दिवसाला १२ या वेगाने भरले तर ७२ दिवस लागतात. चौथ्या सत्रात एवढे दिवस कुणाकडे नसतात. मग शेवटच्या पंधरवड्यात घाईघाईने भरलेले अर्ज विदेमधे (डेटामधे) लगेच ओळखू येतात, रक्तदाबाचे आकडे सगळे शून्यावर संपलेले असतात.

दुसरी चूक याच्या उलट. तीव्र कुपोषणाचं प्रमाण ५ टक्के धरून डीही ५ टक्केच ठेवायचा. नमुना येतो फक्त ७३, मुलं खूश. पण उत्तर निघतं 'शून्य ते दहा टक्क्यांच्या मधे कुठेतरी'. त्याचा उपयोग काय? डी १.५ टक्के घेतला तर सुमारे ८११ मुलं लागतात. तेवढी जमणार नसतील तर विषय बदला, डी वाढवू नका.

मुळाकाठ

@गणिताच्या_काकू, भागायचं की मिळवायचं, हे इतकं स्वच्छ कुणी सांगत नाही. धन्यवाद.

सातपुड्याची_वाट

आता घरं निवडण्याचं. 'ग्रामपंचायतीपासून सुरू करून दर पाचवं घर' असं सिनॉप्सिसमधे लिहिलेलं असतं. ग्रामपंचायत असते गावठाणात. तिथून निघालं की वस्त्या, वाड्या, पाडे यादीत येतच नाहीत, आणि आजार, कुपोषण, घरी होणारी बाळंतपणं जास्त असतात ती तिथेच. मतदार यादी घेतली तर बाहेरून आलेली कुटुंबं सुटतात. सर्वांत बरी यादी आशाताईंच्या रजिस्टरची. साधारण हजार लोकसंख्येला एक आशा असते आणि तिला प्रत्येक पाडा माहीत असतो. पण त्या यादीवरही एकदा स्वतः फिरून खूण करा.

आणि कधी जायचं ते विषयाइतकंच महत्त्वाचं आहे. बीडच्या किंवा पाथर्डी-शेवगावच्या गावात डिसेंबरमधे घरोघर सर्वेक्षण केलं तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं सापडणारच नाहीत. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. मागे राहतात म्हातारे आणि काही शाळकरी पोरं. अशा विदेवरून गावातल्या बायकांच्या रक्तक्षयाचं प्रमाण काढलं तर ज्यांच्या अंगात सगळ्यात कमी रक्त आहे त्याच गळलेल्या असतात. कुलूपबंद घरं किती होती ते प्रबंधात लिहायलाच हवं. कोकणात आणि विदर्भात जून-जुलैला लावणी-पेरणी, दिवसा घरात कुणी नाही. तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर.

पोलिओच्या मोहिमेचा आठवडा आणि मार्चअखेर, या दोन वेळी आरोग्य केंद्राकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका.

ओटीवर_दवाखाना

परवानग्यांचा क्रम लिहितो. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या ताब्यात, म्हणून अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. त्यांच्या पत्राची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, तिथून केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. जिल्हा रुग्णालय, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अंगणवाडी हा तिसराच विभाग, महिला व बालविकास. तिथे बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं वेगळं पत्र लागतं. आरोग्याचं पत्र घेऊन अंगणवाडीत गेलात तर सेविका वजनाचं रजिस्टर दाखवणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकासचे प्रकल्प अधिकारी.

अर्जासोबत कॉलेजचं पत्र, सिनॉप्सिसचा एक पानी मराठी सारांश, प्रश्नावली आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी जोडायची. इथेच गाठ बसते: समिती म्हणते आधी क्षेत्राची परवानगी आणा, जिल्हा म्हणतो आधी समितीची मंजुरी आणा. उपाय असा, की जिल्ह्याकडून 'समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून तत्त्वतः हरकत नाही' एवढं पत्र आधी घ्यायचं. ते समितीला पुरतं. आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला की तो शोधायला तोच क्रमांक लागतो.

लोकसंख्येचे निकषही पाठ हवेत, तोंडी परीक्षेत हमखास येतात: उपकेंद्र ५,००० ला, आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० ला; प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० आणि २०,०००; सामुदायिक आरोग्य केंद्र १,२०,००० आणि ८०,०००.

तटस्थ_सभासद

नीतिमत्ता समितीबद्दल. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हा पाया. तीन प्रकारची छाननी असते: सूट, जलद आणि पूर्ण समिती. प्रकार समिती ठरवते, विद्यार्थी नाही. 'माझी नुसती प्रश्नावली आहे, मला मंजुरी लागत नाही' असं स्वतःच ठरवून टाकणं ही नेहमीची चूक.

समिती नेमकं काय विचारते? तपासणीत काही सापडलं तर पुढे काय, हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला तर ते मूल अतितीव्र कुपोषित. आकडा लिहून पुढच्या घरी निघून जाणं अनैतिक आहे. त्याला अंगणवाडीच्या ग्राम बाल विकास केंद्रात की पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवणार, चिठ्ठी कोण देणार, पोचलं की नाही हे कोण बघणार, ते प्रस्तावात लिहिलेलं हवं. हे परिच्छेदभर नीट लिहिलं की अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

संमतीपत्र १८ वर्षांवरच्यांसाठी. ७ ते १८ वयात पालकांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार लागतो, १२ पर्यंत तोंडी, पुढे लेखी. निरक्षर व्यक्तीचा अंगठा घ्यायचा असेल तर निष्पक्ष साक्षीदाराची सही हवी. तो साक्षीदार तुमच्या संशोधन-चमूतला असून चालत नाही.

माळावरची_शाळा

संमतीपत्र निघालं म्हणून भाषेबद्दल पोटतिडकीने लिहिते. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करताना शब्दकोश उघडतात आणि 'श्वेतप्रदर', 'अतिसार', 'प्रसूतिपश्चात तपासणी' असं काहीतरी तयार होतं. गावातली बाई म्हणते 'अंगावरून पांढरं जातं'. 'स्तनपान' ऐवजी 'अंगावर पाजणं', 'प्रथम दूध' ऐवजी 'चीक'. 'बाळाला पहिला चीक पाजला की पिळून टाकला?' असं विचारलं की लगेच उत्तर येतं.

सर्वांत मोठी फसगत तंबाखूची. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की मिश्री लावणारी बाई 'नाही' म्हणते. ती खोटं बोलत नाही. तव्यावर जाळून, कुटून केलेली ती काळी पूड तिच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. चुलीशेजारच्या कोनाड्यात डबी असते, सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळते, दुपारी पुन्हा, रात्री पुन्हा. 'तंबाखू' या शब्दाखाली हे कधीच नोंदवलं जाणार नाही. म्हणून मिश्री, गुटखा, मावा, तपकीर, विडी यांचे वेगवेगळे प्रश्न हवेत, आणि 'दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?' हा प्रश्न आधी.

वयाचंही तसंच. विचारलं की ४०, ४५, ५० अशीच उत्तरं येतात. 'बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होता? खडी फोडायला गेला होतात का?' असं विचारा. लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, १९९३. सातारा-पाटणकडे कोयनेचा, १९६७. अशी स्थानिक घटनांची यादी प्रश्नावलीला जोडून ठेवा. लहान मुलाचं वय मात्र आईला न विचारता माता-बाल संरक्षण कार्डावरून घ्या.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिलोरी. तिथे मराठी प्रश्नावली म्हणजेसुद्धा परकी भाषाच. दुभाषा आशाताईंचा नवरा किंवा सरपंच नको, बाईशी बोलायला बाईच हवी. मराठीवरून परत इंग्रजी दुसऱ्याच माणसाकडून करून घ्या, मूळ अर्थ टिकला का ते तिथे कळतं.

ओटीवर_दवाखाना

@माळावरची_शाळा +१. मिश्रीचा मुद्दा प्रत्येक मार्गदर्शकाने छापून लावावा.

मोजमापाचं जोडतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, वरच्याची उंची उभं करून. उलट केलं तर सुमारे ०.७ सेंमीचा फरक पडतो आणि खुजेपणाचं प्रमाण बदलतं. वजनकाटा रोज सकाळी शून्यावर आणून ज्ञात वजनाने तपासा. दंडाचा घेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, पट्टी टेकलेली पण रुतलेली नको.

बीएएमएस_धुळे

क्षेत्रात इतका वेळ लागत असेल तर एनएफएचएसची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची) तयार विदा घेऊन प्रबंध चालतो का?

गणिताच्या_काकू

बऱ्याच संस्थांत चालतो, आणि काही विषयांना तोच योग्य. एनएफएचएस-५ ही २०१९ ते २०२१ ची फेरी. पण ते सोपं आहे म्हणून घेऊ नका. वेट, म्हणजे प्रत्येक नोंदीचा भारांक, न लावता टक्केवारी काढली तर ती छापील अहवालाशी जुळत नाही आणि परीक्षक तेच पहिलं बघतात. फाईलमधलं वेट दहा लाखांनी भागून वापरायचं असतं. राज्याचं आणि देशाचं वेट वेगळं. आधी अहवालातला एखादा साधा आकडा स्वतः काढून बघा, जुळला तरच पुढे.

कच्ची विदा हातात आल्याशिवाय विषय पक्का करू नका. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा ही विदा देणाऱ्या डीएचएस प्रोग्रॅमने नव्या नोंदण्या घेणं बंद केलं होतं, आणि सिनॉप्सिस मंजूर असूनही विदा नाही अशी अवस्था होऊ शकत होती.

स्वतः गोळा केलेल्या विदेत 'उत्तर नाही' साठी ९९ टाकतात. मग गरोदरपणातल्या तपासण्यांची सरासरी ११ येते. विश्लेषणाआधी प्रत्येक रकान्याचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा बघितला की हे पकडलं जातं. कोबो किंवा एपिकलेक्ट या मोबाइलवर अर्ज भरायच्या साधनांवर अर्ज बनवताना मर्यादाच घालून ठेवा. विश्लेषणाला एपि इन्फो आणि आर, दोन्ही फुकट आहेत; एक्सेलवर काय-स्क्वेअर चाचणी काढत बसू नका.

तटस्थ_सभासद

साहित्यचोरीचं: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, सहा महिन्यांच्या आत. ४० ते ६० ला एक वर्ष जमा करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. साहित्याचा आढावा घेणारं प्रकरण, तिथेच सगळं साम्य साचतं.

अटलांटापल्याड

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकेत सीईपीएच (सार्वजनिक आरोग्याच्या कोर्सना मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यताप्राप्त एमपीएच किमान ४२ क्रेडिटचं. त्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा आणि त्यातून किमान दोन वस्तू तयार करून द्याव्या लागतात, उदाहरणार्थ मूल्यमापनाचा अहवाल, प्रशिक्षणाची पुस्तिका. बहुतेक अर्ज सोफास या एकाच खिडकीतून जातात आणि गुणपत्रिकांचं मूल्यांकन डब्ल्यूईएसकडून. आपल्या विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मिळवायला जो वेळ जातो तोच खरा अडथळा. ब्रिटनमधे एक वर्ष, १८० क्रेडिट. एका वर्षात भारतात येऊन विदा गोळा करून प्रबंध लिहिणं फार ओढाताणीचं होतं, तिथे तयार विदाच घ्यावी.

मुळाकाठ

छान जमलंय. मग वेळापत्रक मागून पुढे असं लावू या. जमा करायची तारीख चौथ्या सत्राच्या शेवटी. त्याआधी एक महिना मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या आणि साम्य-तपासणी. त्याआधी दोन महिने विश्लेषण-लेखन. त्याआधी अडीच-तीन महिने क्षेत्रकाम, त्यात पहिला आठवडा चाचणी अर्जांचा, आणि ते ज्या गावात भरले ते गाव मुख्य नमुन्यात घ्यायचं नाही. त्याआधी समिती आणि परवानग्या, तीन महिने धरा. म्हणजे परवानग्यांचे अर्ज तिसऱ्या सत्राच्या मध्यापर्यंत जायला हवेत, आणि त्यासाठी विषय दुसऱ्या सत्राच्या अखेरीस पक्का हवा. तिसऱ्या सत्रात शोधायला लागलात तर सहा महिने वाढतात.

बीएएमएस_धुळे

शेवटचा प्रश्न. चाचणी अर्ज समितीच्या मंजुरीआधी भरले तर चालतात ना? मुख्य नमुन्यात तर ते धरायचेच नाहीत.

तटस्थ_सभासद

नाही चालत. समोर खरा माणूस आहे आणि त्याला तुम्ही आजाराविषयी विचारताय, म्हणून चाचणीलाही मंजुरी लागते. पहिल्या अर्जावरची तारीख मंजुरीपत्रानंतरची असायला हवी. मागच्या तारखेने मंजुरी कुठलीही समिती देत नाही, आणि तसे अर्ज बाजूला काढावे लागतात. मंजुरी येईपर्यंत वर्गमित्रांवर प्रश्नावली वाचून बघा, किती मिनिटं लागतात आणि कुठे अडखळतं ते तेवढ्यातही कळतं.